हेन्री जॉन कार्टर

हेन्री जॉन कार्टर (जन्म : बडली सॉल्टर्टन, डेव्हन, इंग्लंड, १८ ऑगस्ट १८१३, मृत्यू : बडली सॉल्टर्टन, ४ मे १८९५) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील शस्त्रवैद्य, प्राणिशास्त्रज्ञ व भूवैज्ञानिक होते. मुंबईच्या तळ्यांतील स्पंज, कृमी व एकपेशीय जीव यांचा सूक्ष्मदर्शकाखाली पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या पहिल्या संशोधकांत त्यांची गणना होते. पुढे समुद्री स्पंजांच्या वर्गीकरणाचे ते एकोणिसाव्या शतकातील एक प्रमुख अधिकारी मानले गेले. १८५९ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले व १८७२ मध्ये त्यांना त्या संस्थेचे रॉयल पदक मिळाले.

मुंबईतच काम केलेले दुसरे एक डॉ. कार्टर, हेन्री व्हँडाइक कार्टर (१८३१–१८९७), यांच्याशी त्यांची अनेकदा गल्लत होते. ग्रे यांच्या प्रसिद्ध शरीररचनाग्रंथातील चित्रे काढणारे ते हे दुसरे कार्टर. ते १८५८ मध्ये मुंबईत आले, तेव्हा हेन्री जॉन कार्टर तेथेच होते. त्यामुळे काही वर्षे एकाच शहरात, एकाच व्यवसायात, एकाच आद्याक्षराचे दोन संशोधक कार्टर वावरत होते. जुन्या ग्रंथांत नुसते ‘मुंबईचे डॉ. कार्टर’ असे आढळले, तर विषय पाहूनच कोणते ते ठरवावे लागते.

जीवन

कार्टर यांचा जन्म डेव्हन परगण्यातील बडली सॉल्टर्टन या समुद्रकाठच्या लहान गावी झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात घेतले. तुलनात्मक शरीररचनेचे प्राध्यापक रॉबर्ट ग्रँट त्या काळी तेथे शिकवीत असत. स्पंजाच्या अंगावरील बारीक छिद्रांतून पाणी आत जाते आणि मोठ्या छिद्रांतून बाहेर पडते, हे ग्रँट यांनीच दाखवून दिले होते. कार्टर यांच्या पुढील आयुष्याचा विषय पाहता हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

१८४२ मध्ये कंपनीच्या सेवेत ते मुंबईला आले. १८४४ ते १८४६ या काळात अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्याची पाहणी करणाऱ्या ‘पॅलिन्युरस’ या जहाजावर त्यांची शस्त्रवैद्य म्हणून नेमणूक होती. तेथून परतल्यावर निवृत्तीपर्यंतची बहुतेक वर्षे त्यांनी मुंबईतच काढली. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे (आजची एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई) ते काही वर्षे चिटणीस होते. भूविज्ञान, वनस्पती आणि प्राणी या तिन्ही विषयांवरील त्यांचे आरंभीचे बरेच लेखन या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १८६२ मध्ये ते निवृत्त होऊन जन्मगावी परतले व मृत्यूपर्यंत तेथेच राहिले.

मुंबईच्या तळ्यांतील स्पंज

कार्टर मुंबईत आले तेव्हा शहराला नळाचे पाणी नव्हते. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये शहरात आले. तोपर्यंत मुंबईकर विहिरी, तळी आणि दगडी टाक्या यांवरच अवलंबून होते. उन्हाळ्यात आटणाऱ्या आणि पावसाळ्यात भरणाऱ्या या तळ्यांच्या काठांवर, पाण्यातील दगडांवर व काटक्यांवर राखी, पांढरट किंवा हिरवट रंगाची मऊ पुटे चढत. ही पुटे म्हणजे गोड्या पाण्यातील स्पंज. १८४९ मध्ये कार्टर यांनी मुंबई बेटावरील स्पंजांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. हा त्यांचा पहिला मोठा प्राणिशास्त्रीय निबंध होय.

त्या वेळी स्पंज प्राणी आहे की वनस्पती, याविषयीही सर्वांचे एकमत नव्हते. तो जागचा हलत नाही, त्याला तोंड किंवा पोट दिसत नाही आणि त्याचा काही भाग हिरवा असू शकतो. त्यामुळे काही निसर्गवैज्ञानिक त्याला शैवालाच्या जवळ नेऊन ठेवीत. मुंबईच्या तळ्यांतले स्पंज उन्हाळ्यात सुकून जात आणि त्यांच्या सांगाड्यात मोहरीहूनही लहान अशा बीजासारख्या गोळ्या उरत. पाऊस पडला की या गोळ्यांतून नवा स्पंज उगवे. यामुळे वनस्पतीचा भास अधिकच पक्का होई. कार्टर यांनी या गोळ्या पाण्यात ठेवल्या, त्यांतून बाहेर येणारा जिवंत पदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यातील पेशी अमीबासारख्या सरपटतात व अन्नकण वेढून घेतात याची नोंद केली. १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. लहान वाढत्या स्पंजाच्या पाण्यात रंगाचे कण मिसळून ते कण शरीरात नेमके कोठे जातात हे त्यांनी पाहिले. स्पंजाच्या आत केसासारख्या तंतूंच्या हालचालीने पाणी खेचणाऱ्या सूक्ष्म गोल पिशव्या असतात आणि अन्न तेथे पकडले जाते, हे त्यातून दिसून आले.

नावांच्या बाबतीत या पहिल्या निबंधाचे भवितव्य संमिश्र ठरले. त्यांनी वर्णिलेल्या पांढऱ्या स्पंजाचे ‘स्पाँजिला अल्बा’ हे नाव जसेच्या तसे आजही चालू आहे. ‘मेयेनी’ आणि ‘प्लुमोसा’ ही त्यांची दोन जातिनामे टिकली, पण त्यांचे वंश बदलले. पहिली जाती आज ‘एफिडेशिया’ वंशात आणि दुसरी ‘डोसिलिया’ वंशात मोडते. प्राणिनामकरणाच्या नियमानुसार जातीचा वंश बदलला की मूळ वर्णनकर्त्याचे नाव कंसात लिहितात. ‘डोसिलिया प्लुमोसा (कार्टर, १८४९)’ या नावातील कंसाचा अर्थ एवढाच की कार्टर यांनी ही जाती प्रथम ओळखली, पण ती वेगळ्या वंशात ठेवली होती.

मुंबईच्या तळ्यांत सर्वांत जास्त आढळणाऱ्या स्पंजांपैकी एक मात्र त्यांच्या हातून निसटला. लामार्क यांनी पूर्वी वर्णिलेल्या ‘फ्रायाबिलिस’ या युरोपीय जातीचाच तो असावा, असे त्यांनी शंकाचिन्हासह मानले. १८६३ मध्ये इंग्लंडमधील स्पंजतज्ज्ञ जेम्स बोअरबँक यांनी तो वेगळा असल्याचे ओळखून त्याला ‘स्पाँजिला कार्टेराय’ हे नाव दिले. आज ‘युनापियस कार्टेराय’ या नावाने ओळखला जाणारा हा स्पंज भारतभर तळ्यांत व विहिरींत सापडतो.

कृमी

वैद्य या नात्याने कार्टर यांचा कृमींशी संबंध प्रथम नारूमुळे आला. त्या काळी मुंबईत नारूचे रुग्ण नित्य येत. पायावरील फोडातून बाहेर येणारा हातभर लांबीचा किडा काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढणे हाच उपाय होता. हा किडा माणसाच्या शरीरात कसा शिरतो, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. कार्टर यांनी तळ्यांच्या गाळात स्वतंत्रपणे राहणारे सूक्ष्म सूत्रकृमी तपासले. त्यांची शरीररचना नारूच्या पिल्लांशी मिळतीजुळती दिसल्याने तळ्यातील असे कृमीच पाण्यात उतरणाऱ्यांच्या कातडीतून आत शिरून नारू बनत असावेत, असा तर्क त्यांनी १८५० च्या दशकातील आपल्या निबंधांतून मांडला.

हा तर्क चुकीचा होता. रशियन निसर्गवैज्ञानिक अलेक्सी फेडचेंको यांनी १८७० च्या सुमारास तुर्कस्तानात दाखवून दिले, की नारूची पिल्ले पाण्यातील सायक्लॉप्स या बारीक कवचधारी जीवात वाढतात आणि तो जीव पाण्याबरोबर गिळला गेल्याने माणसाला लागण होते. तरीही कार्टर यांचे काम वाया गेले असे म्हणता येत नाही. रोगाचे मूळ हवा किंवा शरीरप्रकृतीत न शोधता तळ्याच्या पाण्यात शोधले पाहिजे, ही दिशा बरोबर होती. चुकला तो पाण्यापासून माणसापर्यंतचा मार्ग. पाणी गाळून पिणे आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे या उपायांनी नारू हटला व २००० साली भारत नारूमुक्त म्हणून घोषित झाला.

१८५८ मध्ये त्यांनी मुंबईच्या गोड्या पाण्यातील ‘नाइस’ वंशाच्या एका नव्या कृमीच्या शुक्रपेशींवर दीर्घ निबंध लिहिला. या कृमीला त्यांनी ‘नाइस फुस्का’ हे नाव दिले. नाइस हा वलयी कृमींच्या संघातील, म्हणजे गांडुळाच्या गणगोतातील. त्याच्या प्रत्येक वलयावर राठ केसांचे झुबके असतात. समुद्रकाठच्या वाळूत व खडकांखाली सापडणाऱ्या केसाळ कृमींचा तो गोड्या पाण्यातील लहानसा नातलग. अशा कृमींचे वर्गीकरण मुख्यतः या केसांच्या आकारावर, संख्येवर आणि ते कोणत्या वलयापासून सुरू होतात यावर ठरते. नाइस बहुधा शरीराचे तुकडे होऊन वाढत असल्याने त्याची जननेंद्रिये क्वचितच पाहायला मिळतात. म्हणूनच कार्टर यांनी केसांबरोबर त्यांच्याकडेही लक्ष दिले, हे त्या निबंधाचे वैशिष्ट्य.

त्यांच्या कृमिविषयक नावांपैकी सर्वांत टिकाऊ ठरले ते घरमाशीतील कृमीचे. मुंबईतील घरमाशांच्या डोक्यात व सोंडेत त्यांना एक बारीक सूत्रकृमी आढळला. १८६१ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन ‘फिलारिया मस्की’ या नावाने केले आणि त्याच वर्षी डीझिंग यांनी त्यासाठी ‘हॅब्रोनिमा’ हा वेगळा वंश स्थापला. कार्टर यांनी या कृमीला नर व मादी दोन्ही लक्षणे एकाच शरीरात असलेला पूर्ण वाढलेला प्राणी मानले होते. प्रत्यक्षात ती केवळ अळी होती. पूर्ण वाढलेला कृमी घोड्याच्या जठरात राहतो व माशी ही त्याची वाहक असते, हे अमेरिकन परजीवितज्ज्ञ ब्रेटन रॅन्सम यांनी १९१३ मध्ये सिद्ध केले. पशुवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत आज सर्वत्र दिसणारे ‘हॅब्रोनिमा मस्की (कार्टर, १८६१)’ हे नाव असे मुंबईच्या घरमाशीवरून आलेले आहे. घोड्याच्या कृमीचे जातिनाम माशीवरून पडले, आणि ते बदलायचे कारण कोणालाच सापडले नाही. कारण नियमांत नावाच्या अर्थाला नव्हे, प्रथमत्वाला महत्त्व असते.

मुंबईच्या किनाऱ्यावरचे समुद्राचे पाणी काही वेळा तांबडे दिसते. तो रंग एकपेशीय जीवांचा आहे, हेही कार्टर यांनी १८५८ मध्ये दाखवले व त्या जीवाला ‘पेरिडिनियम सँग्विनियम’ असे नाव दिले. लाखेच्या किड्यावरही त्यांचा १८६१ चा एक निबंध आहे.

नागपूरचा हिस्लोपिया

विदर्भाच्या दृष्टीने कार्टर यांचे सर्वांत महत्त्वाचे नामकरण १८५८ मधील आहे. नागपूरचे धर्मप्रसारक व भूवैज्ञानिक स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३) यांच्याशी त्यांचा शास्त्रीय व्यवहार होता. दोघेही लाव्हाच्या थरांमधील गोड्या पाण्याच्या जीवाश्मांचा अभ्यास करीत, एक मुंबईत आणि दुसरे नागपुरात. नागपूरच्या गोड्या पाण्यातून मिळालेल्या एका शेवाळसदृश प्राण्याचे (ब्रायोझोआ) वर्णन करून कार्टर यांनी त्याला ‘हिस्लोपिया लॅकुस्ट्रिस’ असे नाव दिले. ‘लॅकुस्ट्रिस’ म्हणजे तळ्यातला.

शेवाळसदृश प्राणी हा बहुतांशी समुद्री गट आहे. शंखशिंपले, दगड किंवा शैवाल यांवर सूक्ष्म कोठड्यांची जाळीदार वसाहत करून ते राहतात. एका कोठडीत एक जीव असतो आणि स्पर्शकांचा पुंजका बाहेर काढून तो अन्न पकडतो. गोड्या पाण्यातील त्यांचे थोडके प्रकार त्या वेळी माहीत होते, पण ते रचनेने अगदी वेगळ्या गटातले. नागपूरचा प्राणी मात्र सपाट कोठड्यांचा असून समुद्रातील ‘फ्लस्ट्रा’सारखा दिसत होता. समुद्रापासून शेकडो मैल आत, मध्य भारतातील गोड्या पाण्यात समुद्री घराण्याचा प्राणी सापडावा, ही गोष्ट नवलाची होती. कार्टर यांनी आपल्या टिपणाच्या शीर्षकातच तो फ्लस्ट्राशी संबंधित असल्याचे नोंदवले.

नाव टिकले, नाते मात्र बदलले. फ्लस्ट्राच्या गटात कोठडीच्या तोंडावर उघडझाप करणारे झाकण असते. हिस्लोपियाची गणना आता ज्यांच्या कोठडीच्या तोंडाशी कंगव्यासारखी कडा असते अशा, समुद्री प्राण्यांचाच भरणा असलेल्या दुसऱ्या गटात होते. फ्रेंच संशोधक ज्यूल जुलियाँ यांनी १८८० मध्ये कंबोडिया व चीनमधील अशाच प्राण्यांसाठी ‘नोरोडोनिया’ हा नवा वंश काढला होता. ते प्राणी हिस्लोपियाच असल्याचे दिसून आल्यावर आधीचे नाव म्हणून कार्टर यांचेच नाव राहिले. जुलियाँ यांनी या वंशासाठी केलेले स्वतंत्र कुल हिस्लोपियाच्याच नावाने ओळखले जाते. भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे संस्थापक संचालक नेल्सन अॅनन्डेल यांनी १९११ च्या आपल्या ग्रंथात या जातीचा सविस्तर परामर्श घेतला. नागपुरात हिस्लॉप यांचे नाव महाविद्यालयामुळे सर्वांना परिचित आहे. जगभरच्या जलजीवशास्त्रज्ञांना ते या बोटभर वसाहतीमुळे माहीत असते.

मुंबईचे कासव आणि इजिप्तचे कासव

मुंबई बेट लाव्हाच्या थरांचे बनलेले असून त्या थरांच्या मध्ये गोड्या पाण्यात साचलेल्या गाळाचे पट्टे आहेत. वरळी येथे अशाच थरात लहान बेडकांचे सांगाडे सापडले होते व १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांना ‘राना पुसिला’ असे नाव दिले होते (आजचे ‘इंडोबॅट्रेकस’). कार्टर यांनी १८५२ मध्ये मुंबई बेटाच्या भूविज्ञानावर निबंध लिहून या थरांतील वनस्पतींचे अवशेष, सूक्ष्म शिंपलाधारी जीव आणि एक कासव यांचे वर्णन केले. कासवाला त्यांनी मुंबईतील सहकारी डॉ. लीथ यांच्या सन्मानार्थ ‘टेस्टुडो लीथाय’ हे नाव दिले.

हे जीवाश्म कासव पुढे दक्षिण अमेरिकी ‘हायड्रास्पिस’ वंशात टाकले गेले आणि विसाव्या शतकाच्या मध्यास अर्नेस्ट विल्यम्स यांनी त्याची पुनर्तपासणी करून ते वेगळ्याच कुलातले ठरवले. त्याच्यासाठी ‘कार्टेरेमिस’, म्हणजे कार्टरचे कासव, असा वंश करण्यात आला. मधल्या काळात घडलेली गोष्ट अधिक मासलेवाईक आहे. १८६९ मध्ये अल्बर्ट ग्युंटर यांनी आजच्या इजिप्शियन कासवाला नेमके ‘टेस्टुडो लीथाय’ हेच नाव दिले. एकाच वंशनामाखाली तेच जातिनाम दोनदा वापरता येत नाही आणि आधीचा हक्क कार्टर यांच्या दगडातल्या कासवाचा होता. म्हणून जिवंत कासवाला ते नाव सोडावे लागले. लोर्ते यांनी १८८३ मध्ये दिलेले ‘टेस्टुडो क्लाइनमानी’ हे नाव आज त्याला लागू आहे. मुंबईचे कासव पुढे ‘टेस्टुडो’ वंशात राहिले नाही, तरी त्याने इजिप्तच्या कासवाचे हिरावलेले नाव परत मिळाले नाही.

१८५७ मध्ये कार्टर यांनी पश्चिम भारत, कच्छ, सिंध व अरबी किनारा यांवरील विविध लेखकांच्या भूविज्ञानविषयक निबंधांचा संग्रह मुंबई सरकारसाठी संपादित केला. पश्चिम भारताच्या भूविज्ञानाचा तो दीर्घकाळ आधारग्रंथ होता.

अरबी किनारा आणि धुपाचे झाड

‘पॅलिन्युरस’वरील प्रवासातून अरबी किनाऱ्याच्या भूविज्ञानावरील त्यांचा निबंध (१८५२) व तेथील सूक्ष्म कवचधारी जीवांवरील काम निर्माण झाले. त्याच प्रवासात त्यांनी धुपाचे झाड प्रत्यक्ष उगवते तेथे पाहून त्याचे वर्णन व चित्र केले. प्राचीन काळापासून मंदिरांत व चर्चमध्ये जाळला जाणारा ‘लुबान’ नेमका कोणत्या झाडाचा, याविषयी तोवर घोळ होता. हेन्री कोलब्रुक यांच्या मतामुळे तो भारतीय सालईचा डिंक असल्याचा समज रूढ होता. सातपुडा व विदर्भाच्या जंगलांतील सालई त्याच वंशातली खरी, पण व्यापारातला लुबान अरबस्तान व सोमाली किनाऱ्यावरून येई. कार्टर यांच्या वर्णनाने अरबी झाड सालईपासून वेगळे पाडले.

फ्लुकिगर यांनी १८६७ मध्ये अरबी झाडाला ‘बॉस्वेलिया सॅक्रा’ हे नाव दिले. मुंबईत काम केलेले जॉर्ज बर्डवुड यांनी १८७० मध्ये धुपाच्या झाडांचा आढावा घेताना ‘बॉस्वेलिया कार्टेराय’ असे नाव कार्टर यांच्या सन्मानार्थ दिले. ही दोन्ही एकच जाती आहेत असे अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात, आणि तसे मानल्यास कार्टर यांचे नाव मागे पडते. सुगंधी तेलांच्या व्यापारात मात्र सोमाली लुबानासाठी ते अजून सर्रास वापरले जाते.

निवृत्तीनंतरचे संशोधन

बडली सॉल्टर्टनला परतल्यावर कार्टर यांनी समुद्री स्पंजांकडे मोर्चा वळवला. स्वतःच्या गावच्या खडकांवरून गोळा केलेल्या नमुन्यांपासून सुरुवात झाली. नंतर ‘पॉर्क्युपाइन’ जहाजाने अटलांटिकच्या तळातून उपसलेले, मन्नारच्या आखातातील, ऑस्ट्रेलियाच्या पोर्ट फिलिपजवळचे आणि जॉन अँडरसन यांनी कोलकात्याच्या इंडियन म्युझियमसाठी मेर्गुई द्वीपसमूहातून आणलेले स्पंज त्यांच्याकडे तपासणीसाठी आले. पुढील सुमारे पंचवीस वर्षे ‘अॅनल्स अँड मॅगझिन ऑफ नॅचरल हिस्टरी’च्या खंडांमागून खंडांत त्यांचे निबंध येत राहिले.

या काळातील त्यांचा सर्वांत गाजलेला मतभेद जर्मनीचे एर्न्स्ट हेकेल यांच्याशी झाला. अमेरिकेचे हेन्री जेम्स-क्लार्क यांनी १८६७ च्या सुमारास दाखवले होते, की स्पंजातील पाणी खेचणाऱ्या पेशींना एक तंतू आणि त्याभोवती पारदर्शक कॉलर असते. हेकेल स्पंजांना पोवळ्यांच्या जवळचे मानीत. कार्टर यांनी १८७१ मध्ये चुनखडीच्या स्पंजांवर स्वतः निरीक्षण करून जेम्स-क्लार्क यांना दुजोरा दिला आणि स्पंज म्हणजे पोवळ्याचा भाऊबंद नव्हे असे बजावले. कॉलर असलेली ही पेशी आज स्पंजाची ओळखखूण मानली जाते.

दुसरा प्रसंग ‘हॅलिफायसिमा’चा. समुद्रात शैवालावर उभा राहणारा, स्पंजाच्या कंटिका वेचून अंगाला चिकटवणारा हा मिलिमीटरभर जीव. बोअरबँक यांनी १८६२ मध्ये त्याला स्पंज मानून नाव दिले होते. कार्टर यांनी १८७० मध्ये असाच जीव ‘स्क्वाम्युलिना स्कोप्युला’ या नावाने वर्णिला व तो स्पंज नसून छिद्रकवची एकपेशीय जीव आहे असे ठरवले. हेकेल यांना मात्र त्यात सर्व बहुपेशीय प्राण्यांचा आदिपूर्वज दिसला. दोन थरांच्या पिशवीसारख्या काल्पनिक ‘गॅस्ट्रिया’चा जिवंत वंशज म्हणून १८७७ मध्ये त्यांनी यासाठी ‘फायसिमारिया’ नावाचा संपूर्ण नवा गट उभा केला. त्यात पेशींचे दोन थर असल्याची चित्रेही त्यांनी प्रसिद्ध केली. पुढच्या दोन वर्षांत सॅव्हिल-केंट आणि रे लँकेस्टर यांनी जिवंत नमुने तपासले. पेशींचे थर तेथे नव्हतेच. कार्टर म्हणाले होते तसा तो एकपेशीय जीव होता. या वेळीही कार्टर यांचे नाव टिकले नाही, कारण बोअरबँक यांचे नाव आधीचे होते. निदान मात्र त्यांचे खरे ठरले.

कॅनडातील अतिप्राचीन चुनखडीत सापडलेल्या ‘इओझून’ला त्या काळी पृथ्वीवरील पहिला जीवाश्म मानले जाई व विल्यम कार्पेंटर यांच्यासारखे अधिकारी त्या मताचे होते. १८७४ मध्ये कार्टर यांनी अरबी किनाऱ्यापासूनच्या आपल्या कवचधारी जीवांच्या अभ्यासाच्या आधारे ही जीवाची रचना नव्हे असे सांगितले. इओझून ही खनिजांची रचना असल्याचे पुढे सर्वमान्य झाले.

स्पंजांचे वर्गीकरण

१८७५ मध्ये कार्टर यांनी सर्व स्पंजांची आठ गणांत विभागणी केली. सांगाड्यात शृंगी तंतू किती, बाहेरची वाळू किती, कंटिका तंतूंच्या आत आहेत की बाहेर खुपसलेल्या, अशा हाताला व डोळ्याला जाणवणाऱ्या लक्षणांवर ती आधारलेली होती. संग्रहालयात येणारा वाळलेला, मोडका नमुना पटकन कोठे ठेवायचा, हे तिच्यामुळे ठरवता येई. परंतु एकाच प्रकारचा सांगाडा वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे निर्माण होऊ शकतो, याला त्या व्यवस्थेत जागा नव्हती आणि शतक संपण्यापूर्वीच ती मागे पडली.

गोड्या पाण्यातील स्पंजांच्या बाबतीत १८८१ मध्ये त्यांनी वापरलेली कसोटी मात्र दीर्घायुषी ठरली. सांगाड्यातील मोठ्या कंटिका अनेक जातींत सारख्याच असतात. बीजासारख्या गोळ्यांवरील सूक्ष्म कंटिका मात्र वेगळ्या. कोठे त्या साध्या सुया, कोठे दोन्ही टोकांना दातेरी चकत्या असलेल्या, कोठे कर्ण्यासारख्या. या फरकांवरून कार्टर यांनी वंश पाडले. त्यांतील ‘मेयेनिया’ हे वंशनाम ‘एफिडेशिया’ या अधिक जुन्या नावापुढे टिकले नाही. पण आजही तळ्यातील स्पंज ओळखायचा असेल तर विद्यार्थ्याला आधी या गोळ्या शोधाव्या लागतात. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडाला, तळे आटू लागल्यावर गोळा केलेला सुकत आलेला नमुना भर पावसाळ्यातल्या ताज्या स्पंजापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

कार्टर यांनी वर्णन केलेल्या स्पंजांचे अनेक मूळ नमुने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. हिंदी महासागर व ऑस्ट्रेलियाच्या स्पंजांचा अभ्यास करणाऱ्यांना नव्या जातीला नाव देण्यापूर्वी आजही ते तपासावे लागतात.